रेट्याचा हिशेब

पावसाने जोर धरला की सांगलीत एकच आकडा विचारला जातो : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या महापुरात तर पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. कृष्णेवरचा हा दगडी कमानींचा पूल 1929 सालचा. त्याने कोणकोणते पूर अंगावर घेतले, हे जुनी माणसे सालांसकट सांगतील. पण त्याच्या कमानी स्वतःचे वजन, वरचा भराव आणि त्यावरून जाणारी वाहने नेमकी कशी पेलतात, असे विचारणारा क्वचित भेटतो. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

कमान इतकी ओळखीची आहे की तिच्यातले नवल आता कोणाला दिसत नाही. वाड्याचा दरवाजा, मशिदीची मेहराब, घाटातला रेल्वेपूल, गावाबाहेरची मोरी, सगळीकडे ती आहे. सुटे दगड, खाली पोकळी, वरून रहदारी, तरी दगड पडत नाहीत. चुना त्यांना चिकटवून धरतो, असा सर्वसाधारण समज आहे. स्पेनमधल्या सेगोव्हियाची रोमन जलवाहिनी पाहिली की तो समज टिकत नाही. तिच्या ग्रॅनाइटच्या कमानींत चुना वापरलेलाच नाही आणि त्या सुमारे 1900 वर्षे उभ्या आहेत. चुन्याची कामे वेगळी : सांधे भरणे, दाब सारखा पसरवणे, पाणी अडवणे. दगडांना वर धरून ठेवतो तो रेटा. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण शेवटी या रेट्याशी येऊन थांबते, म्हणून त्याची ओळख इथेच करून देतो.

आधी तुळई पाहू. दोन खांबांवर आडवी टाकलेली तुळई भाराखाली वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकूड आणि लोखंड हे दोन्ही सोसते. दगड दाब सोसतो, पण ताणाला तो फार कमजोर. दाबाला जेवढी ताकद, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ताकद त्याच्याकडे ताणासाठी असते. म्हणून दगडी तुळईला तडा जातो तो खालून. आपल्या हेमाडपंती देवळांत खांब एवढे जवळजवळ का, याचे उत्तर यात आहे. दगडाची तुळई टाकायची तर गाळा लहानच ठेवावा लागतो. नदीवर असे जवळजवळ खांब उभे करणे म्हणजे नदीच अडवणे.

कमानीत वाकण्याला जवळजवळ वावच राहत नाही. तिचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. दगड खाली सरकू पाहतो, पण शेजाऱ्यांना बाजूला ढकलल्याशिवाय त्याला सरकता येत नाही. शेजारी त्याच्या शेजाऱ्यावर रेलतो, तो पुढच्यावर. असा दाब दगडामागून दगड उतरत कमानीच्या पायाशी पोचतो आणि तिथे तो तिरका पोचतो. भिंतीला टेकवलेल्या शिडीवर माणूस चढला की शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो. कमानीचे दोन्ही पाय तसेच बाहेर सरकू पाहतात. तिरक्या दाबाचे दोन हिस्से होतात. एक सरळ खाली जमिनीत जातो, दुसरा आडवा बाहेर जातो. हा आडवा हिस्सा म्हणजे रेटा. कमान भार नाहीसा करत नाही, ती त्याची दिशा बदलते आणि बदललेल्या दिशेला कोणीतरी खंबीरपणे उभे राहावे लागते.

रेटा किती, याचा हिशेब शाळकरी गणिताने होतो. भार सगळीकडे सारखा धरला तर दर मीटरचा भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठ पट. समजा गाळा 20 मीटरचा आहे, उंची 5 मीटर आणि भार दर मीटरला 10 टन. एकूण वजन 200 टन. प्रत्येक पायावर सरळ खाली 100 टन आणि आडवा रेटाही 100 टन. आता तेवढ्याच गाळ्यावर कमान चपटी करून उंची अडीच मीटर केली, तर खाली जाणारे वजन तेच राहते, रेटा मात्र 200 टन होतो. उंची निम्मी केली की रेटा दुप्पट. पुलाचा रस्ता फार चढू नये म्हणून कमान चपटी करण्याचा मोह प्रत्येक अभियंत्याला होतो. त्याची किंमत पायाला मोजावी लागते.

इझम्बार्ड किंगडम ब्रुनेलने ती किंमत जाणूनबुजून मोजली. इंग्लंडमध्ये मेडनहेड येथे थेम्स नदीवर त्याने 1830 च्या दशकाच्या अखेरीस विटांचा रेल्वेपूल बांधला. त्याचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी सुमारे 39 मीटरचे आणि कमानींची उंची जेमतेम 7 मीटरच्या आसपास. विटांची एवढी चपटी कमान तोवर कोणी पाहिली नव्हती आणि ती कोसळणार, असे भाकीत अनेकांनी केले. आज त्या पुलावरून ब्रुनेलच्या काळापेक्षा कितीतरी जड आणि वेगवान गाड्या धावतात.

मग चांगल्या कमानीचा आकार कोणता? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1675 मध्ये छापले, पण कोणाला वाचता येऊ नये अशा रीतीने. लॅटिन वाक्यातली अक्षरे उलटसुलट करून त्याने ती पुस्तकाच्या शेवटी दिली. उलगडा त्याच्या मृत्यूनंतर झाला. आशय असा, की दोन टोकांना धरलेली साखळी ज्या आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला की ताठ कमान उभी राहते. साखळीला दाब सोसता येत नाही, म्हणून ती केवळ ताणात राहील असा आकार आपोआप शोधून काढते. तो आकार उलटा केला की ताणाच्या जागी दाब येतो आणि दगडाला दाबच हवा असतो. साखळीवर जागोजागी वजने टांगली की तिचा आकार बदलतो. तेवढीच वजने कमानीवर असतील तेव्हा कमानीचा आदर्श आकारही तसाच बदलतो. रोममधील सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले तेव्हा अठराव्या शतकात जोव्हानी पोलेनी याने वजने टांगलेल्या अशाच साखळीने घुमटाची तपासणी केली होती.

उलट्या साखळीची ही रेषा, म्हणजे कमानीतून दाब ज्या वाटेने जातो ती वाट, या पुस्तकात आम्ही तिला दाबरेषा म्हटले आहे. ती दिसत नाही, पण कमानीचे सारे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. दाबरेषा कमानीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेली तर प्रत्येक सांधा पूर्ण दाबाखाली राहतो. ती त्या हिश्श्याबाहेर गेली की सांध्याची एक कड उघडू लागते. ती थेट कमानीच्या कडेला टेकली की तिथे बिजागरीसारखी हालचाल सुरू होते. इथे नवख्या वाचकाला चकवणारी गोष्ट अशी, की एक, दोन, अगदी तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान उभी राहू शकते. चौथी झाली की ती दुमडते आणि कोसळते. जुन्या पुलाचे पाय किंचित बाहेर सरकले की माथ्याशी खालच्या अंगाला आणि पायांशी वरच्या अंगाला फट दिसते. या तीन बिजागऱ्या म्हणजे कमानीने नव्या परिस्थितीशी केलेली तडजोड असते. तडा दिसला म्हणजे पूल मेला असे नाही. तडा का पडला आणि तो वाढतो आहे का, हे विचारायला हवे.

यातून आणखी एक कोडे सुटते. बैलगाडीच्या काळात बांधलेले पूल आजचे ट्रक कसे पेलतात? कमानीवरच्या भरावाचे आणि दगडांचे वजन एवढे मोठे असते की त्यापुढे एखाद्या गाडीचे वजन दाबरेषेला फार हलवू शकत नाही. शिवाय भराव चाकाखालचा भार पसरवून कमानीपर्यंत पोचवतो. कमानीला सर्वांत त्रास होतो तो गाडी माथ्यावर असताना नव्हे, ती गाळ्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर असताना. तिथे एका बाजूचा भार दाबरेषेला तिरके खेचतो. माथ्यावरचा दगड सगळा भार तोलतो, ही समजूतही इथेच सोडून द्यावी. तो दगड शेवटी बसवतात एवढेच त्याचे वेगळेपण. उलट माथ्याशी दाब सर्वांत कमी असतो, कारण तिथे नुसता आडवा रेटा असतो. खाली पायाकडे जाताना वजनाची भर पडत दाब वाढत जातो.

वजन जास्त झाले की कमान पडते, असे आपण सहज म्हणतो. वेल्समधल्या पाँटिप्रिदच्या पुलाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. विल्यम एडवर्ड्स या गवंड्याने 1746 मध्ये टॅफ नदीवर पूल बांधण्याचे काम अंगावर घेतले. पहिला पूल दोन वर्षांत पुराने नेला, कारण नदीतल्या खांबांशी पुरातला काडीकचरा आणि झाडे अडकली. मग नदीत खांबच नको म्हणून त्याने सुमारे 43 मीटरची एकच कमान ठरवली. काम पुरे होण्याआधी पुराने सेंटरिंग, म्हणजे कमान पुरी होईपर्यंत तिला पेलणारा तात्पुरता सांगाडा, वाहून नेले. त्याने पुन्हा बांधले. या वेळी कमान पूर्ण झाली, पण थोड्याच काळात कोसळली, आणि तीही माथा खाली न बसता वर उचलला जाऊन. कमानीच्या दोन्ही खांद्यांवरचे दगडकाम आणि भराव इतका जड होता आणि माथा इतका हलका, की खांदे आत दाबले गेले आणि माथा वर फेकला गेला. एडवर्ड्सने चौथ्यांदा काम काढले तेव्हा दोन्ही खांद्यांत आरपार गोल पोकळ्या ठेवल्या, प्रत्येक बाजूला तीन. खांदे हलके झाले, दाबरेषा कमानीच्या आत आली आणि 1756 साली पुरा झालेला तो पूल आजही उभा आहे. त्याने ताकद वाढवली नाही, नको त्या जागचे वजन काढले. खांदे पोकळ ठेवण्याची युक्ती चीनमध्ये ली चुन याने त्याच्या हजारावर वर्षे आधी, सातव्या शतकाच्या सुरुवातीला, झाओझाऊच्या 37 मीटर गाळ्याच्या पुलात वापरली होती. तोही पूल उभा आहे.

दगड किती मजबूत, हा प्रश्न कमानीत सहसा दुय्यम असतो. आपला काळा पाषाण दर चौरस सेंटिमीटरला 1000 किलो आणि त्याहून जास्त दाब सोसतो. नेहमीच्या दगडी कमानीत प्रत्यक्ष दाब त्याच्या लहानशा अंशाएवढा असतो. गोव्यातले उदाहरण अधिक बोलके आहे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, खाजणातून गेलेला सुमारे 3 किलोमीटरचा रस्तापूल पोर्तुगिजांनी 1630 च्या दशकात, लिन्यारिसचा काउंट व्हाइसरॉय असताना बांधला. त्याच्या कमानींना वापरला तो जांभा, काळ्या पाषाणाच्या मानाने फारच मऊ दगड. तरी त्या पुलावर आजही रहदारी आहे. केंब्रिजचे जॅक हेमन यांनी 1966 मध्ये हे सगळे एका नेटक्या सिद्धांतात बसवले. दगड दाबाने चिरडत नाही, तो ताण सोसत नाही आणि दगड दगडावरून घसरत नाही, ही तीन गृहीतके मानली, तर कमानीच्या जाडीच्या आत बसणारी एक जरी दाबरेषा काढता आली तरी कमान सुरक्षित आहे. ती रेषा कमानीने प्रत्यक्षात निवडलेलीच असली पाहिजे असेही नाही. आपल्याला एक सापडली, तर कमानीलाही सापडेल.

या सिद्धांताने अभियंत्याला धीर दिला, पण गृहीतके विसरण्याची मुभा दिली नाही. दगड जागच्या जागी राहिले तरच भूमिती कामाला येते. 1867 च्या पावसाळ्यात बोरघाटातला एक मोठा दगडी रेल्वेपूल कोसळला. तेव्हा दोष निघाला तो दगडकामाचा, आकाराचा नव्हे. बाहेरून घडीव दगड आणि आत निकृष्ट भर, असे बांधकाम कागदावरच्या नकाशाएवढे जाड कधीच नसते. या पुस्तकात भूमितीइतकीच जागा गवंडीकामाला दिली आहे ती यासाठी.

आता कमानीच्या पायाकडे येऊ. काठावरच्या आधाराला रेटा एकट्याने सोसावा लागतो. नदीतल्या खांबांचे तसे नसते : दोन्ही बाजूंच्या कमानी एकमेकींच्या रेट्याला तोलून धरतात आणि खांबाला मुख्यतः वजनच घ्यावे लागते. जुने लोक यावर विसंबत नसत. ते प्रत्येक खांब असा जाड करीत की शेजारची कमान गेली तरी तो एकटा उभा राहावा. फ्रान्सच्या जाँ-रोदोल्फ पेरोने याने अठराव्या शतकात हा नियम मोडला. पॅरिसजवळच्या नयीच्या पुलात सुमारे 39 मीटरच्या गाळ्यांना त्याने जेमतेम चार मीटरचे खांब दिले. नदीला वाट मोकळी झाली, पूल देखणा झाला. पण त्यानंतर पाचही कमानी एकमेकींवर अवलंबून राहिल्या; एक गेली असती तर सगळ्या गेल्या असत्या. म्हणून सगळ्या कमानी बांधून होईपर्यंत सेंटरिंग हलवता येत नव्हते. 1772 मध्ये ते राजासमोर समारंभाने काढण्यात आले.

महाराष्ट्राला हा धडा फार महाग पडला आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुराने नेला. एसटीच्या दोन बसगाड्या आणि त्यांतली माणसे अंधारात नदीत गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा इथे करत नाही. कमानीच्या पुलाविषयी जगभरचा अनुभव मात्र सांगायला हवा. असे पूल सहसा वरच्या ओझ्याने मरत नाहीत. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे करते आणि पायाखालची वाळू-माती खरवडून नेते. पाया खचला की खांब कलतो, रेट्याला तोलून धरणारा आधार नाहीसा होतो आणि शेजारच्या कमानी एकामागून एक जातात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आदल्या दिवशीपर्यंत काहीच दिसत नाही.

पाया खात्रीचा नसेल तर कमान वापरूच नये काय? याचे उत्तर लोखंड आणि काँक्रीट यांनी दिले. कमानीची दोन्ही टोके खालून एका ताणपट्टीने बांधली की रेटा पट्टीतच अडतो आणि खांबावर फक्त वजन येते. धनुष्याच्या दोरीसारख्या या रचनेला अभियंते बोस्ट्रिंग म्हणतात. राजमहेंद्रीला गोदावरीवर 1997 मध्ये सुरू झालेला रेल्वेपूल याच पद्धतीचा आहे. सुमारे 97 मीटरच्या 28 कमानी रुंद नदीपात्रातल्या खांबांवर रेट्याचे ओझे न टाकता उभ्या आहेत. दुसरा मार्ग मुद्दाम बिजागऱ्या ठेवण्याचा. स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट मेयार याने 1930 मध्ये बांधलेल्या साल्गिनाटोबेल पुलाच्या 90 मीटर कमानीत तीन बिजागऱ्या आहेत. त्यामुळे पाय किंचित हलले किंवा ऊन-थंडीने काँक्रीट फुगले-आकसले तरी कमानीत नको ते ताण साचत नाहीत.

आणि जिथे दोन्ही काठांना पक्का कातळ आहे तिथे कमानीला तोड नाही. जम्मू-काश्मीरमधला चिनाब पूल कोकण रेल्वे कॉर्पोरेशनच्या देखरेखीखाली उभा राहिला आणि जून 2025 मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीपात्रापासून 359 मीटर उंच आणि कमानीचा गाळा 467 मीटर. एवढ्या खोल दरीत सेंटरिंग उभारणे अशक्यच. म्हणून कमानीचे दोन अर्ध दोन्ही काठांवरून पोलादी दोरांनी मागे खेचून धरत पुढे नेले गेले आणि एप्रिल 2021 मध्ये मध्यावर जुळवले गेले. जुळेपर्यंत ते दोन लटकते हात होते. जुळले तेव्हा भार पहिल्यांदा रेटा बनून डोंगरात उतरू लागला. या पुलात सर्वाधिक कष्ट उतार स्थिर करण्यात आणि पाया घालण्यात गेले, यात नवल नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. पहिली चार प्रकरणे रेटा, दाबरेषा आणि बिजागऱ्या यांची आहेत. त्यांत बेरीज-गुणाकारापुढचे गणित नाही. दोरी, खिळे आणि ठोकळे घेऊन घरी करता येतील असे प्रयोग दिले आहेत. ते वगळू नका. नंतरची प्रकरणे बांधणीची आहेत : सेंटरिंग, दगड घडवणे, चुना, भराव, पाण्याचा निचरा. शेवटचा भाग जुन्या पुलांच्या पाहणीचा आहे आणि तो सार्वजनिक बांधकाम, रेल्वे आणि जिल्हा परिषदांतल्या तरुण अभियंत्यांना समोर ठेवून लिहिला आहे. संगणकाच्या प्रणाली कशा चालवाव्यात, हे मात्र इथे सापडणार नाही. प्रणालीने दिलेले उत्तर पटण्यासारखे आहे का, हे कागद-पेन्सिलीने तपासता यावे, एवढी अपेक्षा आहे.

शेवटी अभियंत्यांना आणि गावकऱ्यांनाही एक विनंती. जुना कमानीचा पूल पाडण्याच्या यादीत घालण्याआधी त्याची दाबरेषा काढून पाहा. कित्येकदा त्यात अजून पुष्कळ ताकद शिल्लक असते. सांध्यांत रुजलेले वड-पिंपळ वेळीच काढा. चुन्याच्या सांध्यांवर सिमेंटचा गिलावा फासून आतले पाणी कोंडू नका, निचऱ्याची भोके बुजवू नका. आणि दर पावसाळ्याआधी व नंतर पाण्याखालचा पाया माहीतगार माणसाकडून तपासून घ्या, कारण कठडा रंगवून पूल वाचत नाही. कमानीच्या पुलाची पाहणी पायापासून सुरू झाली पाहिजे.